चोवीस तासांचा सांगावा

मोबाईलमधल्या बॅटरीच्या ॲपशी माणसाने भांडण काढलेलं तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय. आमचे तात्या ओसरीवर बसून, मोबाईल हातभर लांब धरून त्याला विचारत होते, "उजेड पाडायला माझ्या मेव्हण्याचा नंबर तुला कशाला रं? तुला काय करायचंय?" तात्यांनी ते ॲप काढून टाकलं, खुंटीवरची जुनी बॅटरी खाली घेतली, तिच्यात दोन सेल भरले आणि मला म्हणाले, "हिनं तीस वर्षांत मला एक प्रश्न इचारला न्हाय."

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. कोऱ्हाळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. शिक्षण सातवी, रान तीन एकर, थोडा ऊस, बाकी वांगी-टोमॅटो. त्यांच्या या वेडाचं पाप मात्र माझ्या माथ्यावर आहे. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे आपण आपल्या तोंडाने सांगू नये म्हणतात, पण मी सांगते, कारण दुसरं कोणी नीट सांगत नाही. बारामतीला एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे भावकीत कुणाचाही मोबाईल बिघडला की तो माझ्या पुढ्यात येतो, दुखऱ्या दाढेसारखा.

तात्यांचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी एकदा मोबाईलवर ठिबकच्या पाइपची चौकशी केली होती. तेव्हापासून पाइप त्यांच्या मागे लागला. "पाइप घेतला, हातरला, पाणी सोडलं, वांगी लागली, त्यांची भाजी खाल्ली, तरी ह्यो पाइपवाला दारात उभाच. सकाळी भजन लावलं तर पैल्यांदा पाइप, मग पांडुरंग."

मी त्यांना जाहिराती अडवणारी सोय बसवून दिली. तिच्यात आज किती जाहिराती अडवल्या त्याचा आकडा दिसतो. इथे मी चुकले. तात्या जकात नाक्यावर बसल्यासारखे त्या आकड्यावर बसले. संध्याकाळी मी स्कूटर लावते न लावते तोच कुंपणावरून आवाज यायचा, "पोरी, आज चारशे बारा." पावसाळी दिवसांत, रानात काम नसलं की आकडा हजाराच्या पुढे जायचा. मग ते चहासुद्धा पाजायचे.

हळूहळू त्यांनी माझ्याकडून सगळंच काढून घेतलं. नाव न विचारता शोधून देणारं पान, मागचा माग पुसणारा ब्राउझर, कॅमेऱ्यावर चिकटवायला सुमनकाकूंची टिकली. एखादी वेबसाइट उघडली आणि 'तुमची माहिती आमच्या भागीदारांना देऊ का' असं आलं, की आपण सगळे घाईने हो म्हणून मोकळे होतो. तात्या भागीदारांची अख्खी यादी उघडतात आणि एकेकाचं बटण बंद करत बसतात. काकू म्हणाल्या, "अवं, दूध उतू गेलं." तात्या म्हणाले, "थांब, दोन वळी राहिल्यात. तण मुळासकट खुरपावं लागतं."

एकदा बारामतीत कापडाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते. काउंटरवरच्या मुलीने बिलासाठी मोबाईल नंबर मागितला.

"चड्डी घ्यायला नंबर कशाला, ताई?"

"काका, नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही."

"मग सिस्टीमलाच घाला चड्डी," म्हणून तात्या निघाले. मी माझा नंबर देऊन चड्डी सोडवली. त्या दुकानाचे मेसेज मला अजून येतात. सगळे पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचे.

मी एकदा वैतागून म्हटलं, "तात्या, तुमच्या घरात काल कालवण कशाचं होतं ते गावाला माहीत असतं. मग कंपनीला कळलं तर काय बिघडलं?"

तात्या जराही अडखळले नाहीत. "गावाला कळू दे की. गाव माझ्या मयताला येणार हाय. ती कंपनी येणार हाय का?"

मी माझी पदवी घेऊन घरात गेले.

या सगळ्यात खरी अडचण झाली ती काकूंची. त्यांची एकुलती लेक रोहिणी नर्स होऊन जर्मनीला गेली. (आमच्या भावकीतली दुसरी पदवी तिची. पहिली कुणाची ते सांगितलंच आहे.) सगळं गाव ज्या ॲपवर बोलतं ते तात्यांना चालत नाही. त्यांनी लेकीलाही आपलं ते गुपचूप ॲप घ्यायला लावलं आणि त्यात असं करून ठेवलं, की आलेला निरोप बघितल्यापासून चोवीस तासांनी आपोआप पुसून जाईल.

"फळ्यावरचं तरी मास्तर आठवडाभर ठेवतो," काकू म्हणायच्या. "हितं लेक बोलती आन दुसऱ्या दिवशी नाहीशी."

"निरोप कळला ना? मग ठेवून काय लोणचं घालायचंय?"

तसे रोहिणीचे निरोपही लोणचं घालण्यासारखे नसायचे. जेवले. ड्युटीला निघाले. इथे थंडी आहे.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी लॅबमध्ये मुलांना शिकवत होते, तर दारात तात्या. शेतातल्या कपड्यांवर, टोपी हातात. एस्टीने आले होते. मला बाहेर बोलावून त्यांनी आवाज खाली आणला.

"पुसायचं थांबवता येतं का?"

दोन वर्षं हा माणूस माझ्याकडे फक्त पुसायच्या युक्त्या मागत होता. मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग कळलं की आदल्या दिवशी रोहिणीने आवाजातला निरोप पाठवला होता. पाच मिनिटांचा. गेल्यापासून ती एवढं कधी बोलली नव्हती.

"सुरवातीलाच म्हणली, आईला दे. मला वाटलं पुढं नेहमीचंच असंल, म्हणून ऐकत बसलो."

"काय म्हणाली?"

"तुला काय करायचंय?" म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता.

काकू दोन दिवसांपूर्वी माहेरी, कळंबला गेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही. निरोप ऐकला होता काल चार वाजता. आता अडीच वाजले होते. मी सांगितलं की सेटिंग आत्ता बदललं तरी ते पुढच्या निरोपांना लागू, हा जाणारच. मी म्हटलं, तुम्ही तो वाजवा, मी माझ्या फोनमध्ये भरून घेते.

"तुझ्या फोनात? तिनं आईला सांगितलंय."

"मग रोहिणीलाच परत पाठवायला सांगा."

"तसलं बोलणं माणूस दोनदा बोलतंय व्हय?"

"बरं, रोहिणीच्या मामांना फोन लावा. काकूंना फोनवरच ऐकवू."

तात्यांनी टोपीकडे बघितलं. नंबर मोबाईलमध्ये ठेवले तर ॲपवाले वाचतात, म्हणून त्यांचे सगळे नंबर एका वहीत होते. वही कोऱ्हाळ्यात, कपाटात. कळंब बरोबर उलट्या दिशेला.

मी तास सोडून दिला आणि स्कूटर काढली. मागे तात्या, दोन्ही हातांत मोबाईल धरून, जणू त्यात पाणी आहे आणि ते हिंदकळेल. मी एवढ्या वेगाने कधी चालवलेली नाही. पावणेचारला कळंबात होतो. मामांच्या घराला कुलूप. सगळे कांदे काढायला नव्या रानात गेल्याचं शेजारणीने सांगितलं. हे नवं रान तात्यांनी पाहिलेलं नव्हतं.

वाटेत एक ट्रॅक्टरवाला भेटला. त्याला रस्ता विचारला. त्याने इंजिन बंद केलं आणि विचारलं, "कोण पाव्हणं?"

आणि आमच्या तात्यांनी, ज्यांनी चड्डीसाठी दहा आकडे दिले नाहीत त्यांनी, त्या अनोळखी माणसाला आपलं नाव, गाव, वडलांचं नाव, कुणाचे जावई, रान किती, विहिरीला पाणी किती, लेक कुठल्या देशात आणि तिचा पगार तिकडच्या मानाने कसा कमी, हे सगळं सांगितलं. ही पुतणी, एवढं शिकून अजून लग्नाची राहिली आहे, हेही सांगितलं. त्याने एक स्थळ सुचवलं. मी ओरडले तेव्हा कुठे दोघांना रस्ता आठवला.

बांधावर पोचलो तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. काकू कांद्याच्या ढिगापाशी होत्या. आम्हाला दोघांना बघून त्या घाबरूनच पळत आल्या. "काय झालं? रोहिणी बरी हाय ना?"

"बरी हाय. तिनं तुला सांगावा दिलाय." तात्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात काही नव्हतं. ते खाली-वर बोट फिरवत राहिले. मी मान वळवली.

मग त्यांनी मोबाईल खिशात टाकला, टोपी घातली आणि ताठ उभे राहिले. पूर्वी आमच्याकडे पत्रं कमी आणि सांगावे जास्त असायचे. सांगावा आणणारा माणूस आधी पाणी पीत नसे, बसत नसे. ज्याचा त्याला शब्दाला शब्द पोचवायचा, मग बाकीचं.

"आई," तात्या म्हणाले, "मी रोहिणी बोलतीये."

ते आईसाठी होतं, म्हणून मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. तात्यांचा घोगरा आवाज, पण चाल त्यांची नव्हती. मध्येच घाईने चार वाक्यं, मध्येच एक हसू. एका जागी ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, विसरले. पण काकूंनी त्यांना घाई केली नाही. तिथं ती थांबली असणार.

पाच मिनिटं लागली. मी शिकवण्याच्या धंद्यात आहे, एवढं पाठ व्हायला किती वेळा ऐकावं लागतं ते मला कळतं.

संपल्यावर काकू मातीच्याच हातांनी बांधावर बसल्या. तात्यांचा हात ओढून त्यांनी त्यांनाही शेजारी बसवलं आणि काहीतरी म्हणाल्या. तात्यांनी मान हलवली, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.