प्रधानकाका आणि बांगड्याचं बाळंतपण

आमच्या सोसायटीत गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, तळायची असेल तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. वासाचं कोणाला काही नसतं, धास्ती असते ती दुसऱ्या मजल्यावरच्या प्रधानकाकांची. वास गेला की काका चपला अडकवून दारात हजर होतात, कढईत डोकावतात आणि विचारतात, "या एका तुकडीत किती मासे होते, कल्पना आहे का तुला?" आपण हिशेब करत बसतो. तुकडी मात्र गार होते.

काका शाकाहारी आहेत असं समजू नका. अस्सल कायस्थ माणूस. रविवारी ताटात सुरमई नसली तर चेहरा उतरतो. पण गाभोळीला त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही. ज्या अंड्यांनी आपल्याला नोकरी दिली, पेन्शन दिली, ती खायची कशी, हा त्यांचा सवाल. कोपरच्या मासळीबाजारात ते पोटुशी मासळी घेणाऱ्या गिऱ्हाइकांना थांबवून भाषण देतात. मासेवाली त्यांना बघितलं की आधीच सांगते, "काका, तुमी जरा लांब उभं रवा."

काकांची सगळी हयात सरकारी मत्स्यसंशोधनात गेली. समुद्रातला मासा अंडी घालायला नेमकी कोणती जागा निवडतो, हा त्यांचा विषय. आपल्याला वाटतं, एवढा मोठा समुद्र पडलाय, घातली कुठेही. पण तसं नसतं. पाणी फार गार नको, फार ऊन नको. मीठ बेताचं हवं. प्रवाह असा हवा की पिल्लं वाहत वाहत खाण्यापाशी पोचतील, भलतीकडे जाणार नाहीत. आणि त्यांना गिळायला टपलेली तोंडं जितकी कमी तितकी बरी. "मासा स्वतःची सोय बघत नाही," काका सांगतात, "पिल्लांची बघतो. त्यासाठी लांब जावं लागलं तर जातो." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ होते की वाटावं, तो मासा त्यांचा सख्खा भाचा आहे.

हाच हिशेब ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावतात. "पाणी बघितलंस का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माझ्या मुलाला कल्याणच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही पेढे द्यायला गेलो, तर पेढा हातात धरून त्यांनी हेच विचारलं. दुसऱ्या दिवशी स्वतः कल्याणला जाऊन आले, कॅन्टीनमध्ये जेवले आणि निकाल दिला की प्रवेश घे, पण डबा घरून ने. आम्ही मुकाट्यानं ऐकलं. सांबार खरंच पाणचट होतं, असं मुलगा आजही म्हणतो.

तर अशा या काकांच्या एकुलत्या एक मुलीला, शर्वरीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेरी होतं कोण? काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात काका एकटे. त्यांनी मात्र कोणाला न विचारता तयारी सुरू केली. आतली खोली रंगवून घेतली, मालिशवाली ठरवली आणि डिंकाचे लाडू करून बघितले. पहिला घाणा खलबत्त्यात घालून फोडावा लागला. दुसरा बरा झाला. बायकाबायकांत आमचं एकमत होतं की हे पुरुषमाणसाचं काम नव्हे, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "तिसरा घाणा चाखून बघ."

मग माजिवड्याहून विहीणबाईंचा फोन आला. बाई बोलायला गोड. आमच्याकडे सगळं आहे, तुम्ही एकटे कुठे धावपळ करणार, इथेच होऊ दे बाळंतपण, असं म्हणाल्या. काका म्हणाले, येऊन बघतो. सोबतीला बाईमाणूस असावं म्हणून मला घेऊन गेले.

तिथे त्यांनी जे केलं ते बघून मला जमीन दुभंगावी असं वाटलं. खिशातून प्रयोगशाळेतला थर्मामीटर काढून खोलीत टांगला. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. वारा कुठून येतो ते उदबत्ती लावून पाहिलं. हॉस्पिटल किती लांब आहे ते चालत जाऊन बघून आले. स्वयंपाकघरात बाळंतिणीच्या खाण्याची चौकशी केली. विहीणबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेवटी काका सोफ्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "विहीणबाई, तुमचं पाणी माझ्यापेक्षा चांगलं आहे. इथेच होऊ दे."

मला रडूच आलं. त्या रंगवलेल्या खोलीसाठी आलं. हा माणूस स्वतःच्याच फूटपट्टीनं हरला होता, आणि खोटं माप घेणं त्याला जमत नव्हतं.

परतताना रिक्षात त्यांनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. समजूत काढायची म्हणून मी म्हटलं, काका, काही मासे म्हणे जिथे जन्मतात तिथेच परत जातात अंडी घालायला. तसं धरलं तर शर्वरी इकडेच यायला हवी.

"तिचा जन्म इथला नाही," ते म्हणाले. "अलिबागचा. तिच्या आईच्या माहेरी. मी तेव्हा बोटीवर होतो. बांगडा कुठे अंडी घालतो ते शोधत होतो. बोट किनाऱ्याला लागली तोवर बारसंही होऊन गेलं होतं."

सातव्या महिन्यातल्या एका दुपारी शर्वरी बॅग घेऊन दारात उभी राहिली. काका तिला आत घ्यायचं सोडून माजिवड्याची खोली, वारा, हॉस्पिटल असं सगळं पटवायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी तुम्ही बोटीवर होतात. या वेळी घरी राहा." आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. काकांनी तिची बॅग उचलली, आणि ती हातात तशीच धरून कितीतरी वेळ उंबऱ्यावर उभे राहिले.

पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आमचं बायकांचं एकमत पार आडवं झालं. चौथ्या घाण्याचे लाडू विहीणबाईंनी डबा भरून माजिवड्याला नेले. अळिवाची खीर काकांकडून मी शिकले. कळा सुरू झाल्या तसे काका शर्वरीला आणि मला घेऊन हॉस्पिटलात गेले आणि दाराबाहेर उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. चहा दिला, घेतला नाही.

सकाळी दार उघडलं, नर्सनं बाळ त्यांच्या हातात दिलं. काकांनी विचारलं, "आत्ताच ना?" ती म्हणाली, हो, आत्ताच. "मी इथेच होतो," काकांनी तिला सांगितलं. मग लिफ्टवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. विहीणबाईंना फोन लावला आणि मोठ्यांदा म्हणाले, "मी होतो! दाराबाहेरच होतो!"

पलीकडून त्यांनी विचारलं असावं, मुलगा की मुलगी. काका गोंधळले. फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "शुभदा, काय गं झालं?"