तक्रार न केलेला माणूस

कंपनीच्या गोपनीय क्रमांकावर तक्रारीचा फोन करून झाला, तरी तोंडावर दाबलेला रुमाल काढायचं सावकाशला सुचलं नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत मेकॅनिक असलेल्या या माणसाला सगळे सावकाशच म्हणत, कारण तो साधा स्क्रूसुद्धा दोनदा विचारून पिळायचा. अशा माणसाने सुपरवायझरच्या कामाची तक्रार केली होती, तीही भीतीपोटी त्याचं नाव न घेता. दवाखान्याच्या लिफ्टचा ब्रेक वजन चढवून तपासायचा असतो. सुपरवायझर मात्र खाली चहा पीत बसायचा आणि जाताना 'तपासली'चा स्टिकर चिकटवायचा. त्या लिफ्टमधून पेशंट जातात, या विचाराने सावकाशची झोप उडाली होती. तक्रार केल्यावर उरलीसुरलीही उडाली.

"नोकरी गेली तर?" त्याने बायकोला विचारलं.

"स्वतःचं नाव कुठे सांगितलंत तुम्ही?"

"आवाज ओळखला तर?"

"रुमालातून तुमचा आवाज मलाच कळला नाही. जेवा आता."

मुख्य कचेरीतून दक्षता अधिकारी बाई आल्या. लिफ्ट बंद करून ब्रेक उघडला, तर तो झिजून पार गुळगुळीत झालेला. बाईंनी सगळ्यांना गोळा केलं.

"तक्रार करणाऱ्याला कोणी बदली, दमदाटी, काही करायचं नाही. आवाजसुद्धा चढवायचा नाही. त्याला पूर्ण अभय आहे."

"पण मॅडम, तो आहे कोण?" सुपरवायझरने विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. म्हणून सगळ्यांशीच नीट वागा."

सुपरवायझरचा चेहरा उतरला. यातली मेख पहिल्यांदा वेल्डरच्या लक्षात आली. तो कामावर दुपारी उगवला आणि सुपरवायझरने तोंड उघडताच छताकडे बघत म्हणाला, "हल्ली खरं बोलणाऱ्याला फार जपून राहावं लागतं." सुपरवायझरने तोंड मिटलं. मग स्टोअरकीपर सूचक खोकायला लागला, इलेक्ट्रिशियन न विचारता रजेवर गेला. एकेक जण बाईंच्या केबिनमध्ये जाऊन "मीच तो" असं कुजबुजून यायचा. पुढे येणाऱ्यावर अविश्वास दाखवायचा नाही असा नियमच असल्यामुळे बाई प्रत्येकाला अभय देत सुटल्या.

सावकाशला मात्र कोणी नुसतं "काय रे?" म्हटलं तरी घाम फुटायचा. "आपण नाही बुवा. देवाशपथ, आपण नाही." तो न विचारताही सांगायचा.

झालं. ज्याच्यावर ओरडता येईल असा एक तरी माणूस सुपरवायझरला सापडला. सगळ्यांची कामं सावकाशच्या गळ्यात पडू लागली, शिव्याही सगळ्यांच्या वाट्याच्या त्यालाच. शेवटी सुपरवायझरने त्याला कोपऱ्यात घेतलं.

"ते स्टिकर तू चिकटवलेस असं सांग."

"मी? साहेब, मी तर..."

"कोणावर तरी यायलाच हवं ना. बाकी सगळ्यांना अभय आहे. मी तरी काय करू?"

घरी सावकाशला घास उतरेना. पोराची फी, घराचं भाडं, सगळं डोळ्यांपुढे नाचू लागलं.

"आता तरी खरं सांगा जाऊन," बायको म्हणाली. "तुमच्यासाठीच तर ते अभय आहे."

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या केबिनमध्ये शिरला.

"मॅडम, ती तक्रार मी केली होती."

बाईंनी सुस्कारा सोडला. "तुम्हीपण? बसा."

"मी खरंच केली हो."

"सगळे खरंच म्हणतात. पण आता खरा माणूस सापडलाय. मघाशीच सुपरवायझर येऊन गेले. रडत होते बिचारे. बाकीच्यांना नेमकी तक्रार काय होती तेही धड सांगता येईना. यांनी स्टिकर कधी लावले, कोणत्या खेपेला ब्रेक तपासायला वर कोणी चढलंच नाही, सगळं बिनचूक सांगितलं. त्यांना लेखी अभय दिलंय मी."

"मग दोषी कोण?" सावकाशने विचारलं.

"तेच बघतेय. ते म्हणाले, 'तक्रार मी केली नाही' असं दिवसभर शपथा घेऊन सांगत फिरणारा इथे एकच माणूस आहे. त्याचं टोपणनावही दिलंय त्यांनी."

बाईंनी चष्मा लावला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला सगळे काय म्हणतात हो?"