उजवा समास

कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मालोजी टायपिस्टाची खुर्ची डळमळली. खोपोलीच्या त्या ऑफिसात बावीस वर्षं खिडकीजवळचं टेबल त्याचं होतं. आता त्याला गोदामात पोती मोजायला धाडणार अशी कुणकुण होती. मॅनेजर कर्णिक साहेबांनी मात्र एक आशा दाखवली. कॉम्प्युटरला कोणती आज्ञा कशी द्यायची, याची सव्वीस पानं मशीन बसवणाऱ्या माणसाने घाईघाईत खरडून दिली होती.

"ही नीटनेटकी टाईप करा," साहेब म्हणाले. "काम चांगलं झालं तर तुम्ही इथेच राहाल."

नीटनेटकेपणात मालोजीचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचा उजवा समास डाव्याइतकाच सरळ यायचा. ओळ अपुरी पडली की उरलेल्या जागेत तो तारा, टिंब, तारा अशी नक्षी भरायचा. मूळ पानांच्या कडेला वाकड्यातिकड्या सूचना लिहिलेल्या होत्या. त्या त्याच्या डोळ्यांत खुपल्या. सगळ्या उचलून त्याने शेवटच्या पानावर ‘टिपा’ म्हणून एकाखाली एक लावून टाकल्या.

साहेब खूश झाले. कडावहून येणाऱ्या जयाला नुकतंच कॉम्प्युटरवर बसवलं होतं. तिला त्यांनी बजावलं, "कागदावर दिसेल तेच दाबायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

सोमवारी जयाला एक जुनं पत्र पुसायचं होतं. पुसण्याची आज्ञा छोटी आणि पत्राचं नाव लांबलचक, म्हणून मालोजीने नाव खालच्या ओळीत ढकललं होतं आणि वरची ओळ नक्षीने भरली होती. जयाने वरची ओळ नक्षीसकट दाबली.

"मालोजीकाका, मशीन इचारतंय, नक्की पुसू का म्हनून."

"कागदावर काय हाय?"

"होय दाबा, असं हाय."

"मग दाब की गं. मी सोता टाईप केलंय."

जयाने दाबलं. जरा वेळाने तिचा आवाज अगदी बारीक झाला. "काका, आत कायच नाय."

"नीट बघ."

"नीटच बघतंय. हजेऱ्या नाय, पत्रं नाय, गोदामाच्या याद्या पन नाय."

साहेबांनी मशीनवाल्याला फोन लावला. कॉम्प्युटरच्या लेखी तारा, टिंब, तारा म्हणजे आत असेल नसेल ते सगळं, हे तेव्हा कळलं. "पण पुसण्याआधी नक्कल काढा, असं मी कडेला लिहिलं होतं की," तो म्हणाला. जयाने शेवटचं पान उघडलं. टीप चौदावी. समास दोन्हीकडून सरळ.

मालोजीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब मात्र ओरडले नाहीत, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. संध्याकाळी त्यांनी त्याला बोलावलं.

"मालोजी, आज ऑफिसात चालू असलेलं मशीन एकच, तुमचं. एक पत्र लगेच हवंय."

"देतो साहेब, आत्ता देतो," म्हणताना त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. "कसलं पत्र?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्या बदलीचं. गोदामात."

मालोजीने कागद चढवला. कार्बन लावायलाही तो विसरला नाही. शेवटची ओळ अर्ध्यावर संपली आणि सवयीने बोट ताऱ्यावर गेलं. मग त्याने ते उचललं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा एक ओळ तशीच अर्धी सोडली.