न चावणारा बूट

आमच्या सोसायटीत सकाळी धावणारे पुष्कळ होते, पण उजव्या पायात निळा आणि डाव्या पायात पांढरा बूट घालून धावणारे एकटे घारपुरेकाका. पहिल्या दिवशी गेटवरच्या चौकीदारानं त्यांना अदबीनं अडवलं. "बाबूजी, जूता बदल गया."

काका खूश झाले. कुणीतरी विचारावं याचीच ते वाट बघत होते. "बदला नहीं, मुकाबला चल रहा है. एक सडक, एक आदमी, दो जूते. कल नीला बाएँ में!" पायाचा दोष बुटाच्या माथी जाऊ नये म्हणून ही अदलाबदल. चौकीदारानं त्यांना पुन्हा कधी अडवलं नाही.

गुडगाव तेव्हा नुकतं वर येत होतं. आमच्या इमारतीसमोर मोहरीचं शेत होतं आणि पलीकडे मॉल. मॉल बांधून झाला होता, तिथं जायचा रस्ता व्हायचा होता. त्या मॉलमध्ये परदेशी बूट आले आणि केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं. जन्मभर कॅनव्हासचे बूट वापरलेला हा माणूस आता लिफ्टमध्ये मला तळवा, टाच आणि शिवण यांवर व्याख्यान देऊ लागला.

"निळा गादीसारखा आहे, पण महिनाभर रोज लांब पळवला की आतली शिवण वर येते. पांढरा हलका, पण बोटं दाटीवाटीनं बसतात. दुकानात कळत नाही गं. पहिल्या दिवशी सगळेच शरीफ असतात, यार!" हे त्यांचं लाडकं वाक्य. बूट, बिल्डर आणि जावई, तिघांनाही ते सारखंच लागू करत. "मला एकदाही न चावणारा बूट हवाय. एकदाही म्हणजे एकदाही नाही."

"काका, नवा बूट थोडा चावतोच," मी म्हणायची.

"मग तो आपल्या कामाचा नाही."

दुकानातल्या पोरांनी त्यांचा धसका घेतला होता. काका बूट चढवून थेट मॉलच्या वऱ्हांड्यात धावत सुटत आणि मागून सेल्समन, "अंकलजी, बिल तो बनवा लीजिए!" त्यांचा पाय एवढासा. एकानं चाचरत सुचवलं, "इस साइज में लेडीज में देख लें?" दुसरा कुणी असता तर रागावला असता. काका म्हणाले, "वही दिखाओ."

या वेडाला माझी हरकत नव्हती, पण त्या वर्षी आमच्याकडे गणपतीला भलताच प्रकार झाला. आत आरती संपत आली होती. माझे बॉस, मल्होत्रासाहेब, फोन घ्यायला बाहेर गेले आणि दारातच थबकले. मी मागोमाग गेले. चपलांच्या ढिगात काका उकिडवे बसले होते. त्यांचा हात साहेबांच्या बुटात मनगटापर्यंत गेलेला, डोळे मिटलेले.

"ये क्या ढूँढ रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

"शिवण," काका मराठीत म्हणाले.

मी त्यांना जिन्यात ओढलं. "काका, हे अति झालं! माझे बॉस आहेत ते. आणि काकू कुठायत? त्यांनी तरी तुम्हाला आवरलं असतं. वर्षभर त्या खाली उतरलेल्या मी पाहिल्या नाहीत."

काका पायरीवर बसले. "शुगरनं तिचे पाय बधिर झालेत," ते म्हणाले. "मागच्या वर्षी बूट चावला, तिला कळलंच नाही. मोजा रक्तानं चिकटला तेव्हा समजलं. जखम चिघळली. बोट कापायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, कसंबसं वाचलं. आता डॉक्टर म्हणतात, रोज चालायलाच हवं, पण पुन्हा जखम झाली तर नुसत्या बोटावर निभावणार नाही. ती इतकी घाबरलीय की बूट बघितला तरी रडते." मग म्हणाले, "तिला चावलेलं कळत नाही. मला कळतं ना. आणि आमचा पाय एकाच मापाचा. लग्नात तिच्या मैत्रिणी किती हसल्या होत्या!"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी आत जाऊन साहेबांना सांगितलं की हे बुटांचे मोठे जाणकार आहेत. त्यानंतर दुकानात गेले की मीसुद्धा बुटांत हात घालून शिवण चाचपू लागले.

थंडी सुरू झाली तेव्हा निकाल लागला. निळा बाद, पांढरा बाद. जिंकला तो एक राखाडी, रुंद तोंडाचा, दुकानातला सगळ्यात कुरूप बूट. महिनोन् महिने धावूनही तो काकांना चावला नव्हता. त्याचाच एक कोरा जोड त्यांनी काकूंसाठी आणला आणि एका रविवारी काकू माझा हात घट्ट धरून खाली आल्या.

पार्कला एक फेरी मारली. काका मागून त्यांच्या टाचांकडे बघत चालत होते. फेरी संपताच त्यांनी काकूंना बाकावर बसवलं, समोर मांडी घातली आणि बूट-मोजे उतरवून त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"अहो, लोक बघतायत!" काकू पुटपुटल्या.

काकांनी एकेक बोट बाजूला करून पाहिलं. तळवा पाहिला, टाच पाहिली. "काही नाही," ते म्हणाले. "लालसुद्धा नाही गं." मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच टाळ्या वाजवल्या. काकू हसत होत्या आणि रडतही होत्या.

मग त्यांनी डोळे पुसले. "आता तुमचे काढा."

"माझे कशाला? मी ठीक आहे."

"काढा म्हणते ना!"

काका वर बाकावर बसले. निरुपाय होऊन त्यांनी मोजे उतरवले. दोन नखं काळी पडली होती, टाचांना जुन्या-नव्या फोडांचे वण होते आणि एका बोटाला पट्टी होती. नापास झालेला प्रत्येक बूट त्यांना चावून गेला होता.

"तरीच झोपतानाही मोजे!" काकू म्हणाल्या. "थंडी वाजते म्हणे. अहो, दुखत नव्हतं का?"

"दुखत होतं ना," काका अपराध्यासारखे म्हणाले. "म्हणून तर कळत होतं."

काकूंनी त्यांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. पार्कात आता बरीच माणसं होती. काकू पट्टी सारखी करत बसल्या, त्यांनी कुणाकडे मान वर करून पाहिलंही नाही.