गेणबातात्यांचा चिनीमातीचा दात

सोड्याची बाटली दातानं उघडायची हौस बावड्याच्या गेणबातात्यांना भोवली आणि पुढचा दात अर्धा गेला. बारामतीत नवाच दवाखाना थाटलेल्या डॉक्टर मेघनानं मोडक्या दातावर बसवायची चिनीमातीची टोपी पुण्याहून करवून आणली. तिच्या हातचा असा हा पहिलाच दात, त्यात तात्यांचं तोंड म्हणजे अख्ख्या बावड्याचा लाउडस्पीकर. दात टिकला तर गावाची रीघ लागणार आणि पडला तर दवाखान्याला कुलूप लावावं लागणार.

"आतनं ह्यो असा खडूगत कशापायी?" तात्यांनी खुर्चीतून मान उंच करून तिच्या हातातल्या टोपीत बघितलं.

"ॲसिडनं मुद्दाम खरखरीत केलाय, तात्या. गुळगुळीत चिनीमातीला सिमेंट धरत नाही."

"म्हंजी गिलाव्याआदी भितीला टाचं मारत्यात तसंच की!"

"अगदी तसंच. आणि त्यावर सिमेंट धरणारं औषध लावलंय. आता आतून कुणी हात लावायचा नाही."

"आन् लावला तर?"

"तर दात भाकरीबरोबर पोटात जाईल."

एवढं बजावून, दात ताटलीत ठेवून मेघना सिमेंट आणायला आतल्या खोलीत गेली. परत येऊन बघते तर काय, दात आतून पिवळाधमक, मध्ये लाल ठिपका! शेजारी तात्यांच्या बायकोच्या, बनाबाईंच्या हातात हळदीकुंकवाची पुडी.

"मावशी! हे काय केलंत?"

"नवी वस्तू हाय, बाई. ट्रॅक्टरला लावलं, इहिरीवरच्या मोटरीला लावलं, मग दातानंच काय घोडं मारलंय? भाईरनं दिसंल म्हनून आतनं लावलं."

"पण हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुटं लावला? नुसतं बोट टेकवलं!"

हसावं की रडावं, मेघनाला कळेना. ॲसिडनं पाडलेल्या बारीक खड्ड्यांत हळद जी जाऊन बसली, ती हलायचं नाव घेईना. मेघनानं दात धुतला, स्पिरिटनं पुसला, पुन्हा धुतला.

"काय चिवट हो हळद!" तात्या कौतुकानं बघत होते. "सिमेंटाऐवजी हीच का वापरत न्हाय तुमी?"

अखेर दात पांढरा झाला. पुन्हा ॲसिड झालं, पुन्हा औषध झालं. बनाबाई आता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. औषध वाळतंय कसं ते बघायला तात्या वाकले आणि त्यांनी दातावर चांगली जोरदार फुंकर मारली. तंबाखूचा कणही उडून आत चिकटला.

"लवकर वाळावं म्हनून जरा हातभार लावला," तात्या म्हणाले.

तिसऱ्यांदा मेघनानं आतून कडी लावून घेतली आणि दात तयार करूनच बाहेर आली. तात्यांच्या तोंडात कापूस कोंबला, दात बसवला, सिमेंट घट्ट करणारा निळा उजेड पाडला. त्यांना बोलता येत नव्हतं तेवढा वेळ तिला फार सुखाचा गेला.

दात असा बसला, की तात्यांनी घरी जाऊन मेघनानं नको म्हटलेला ऊस आधी सोलून खाल्ला. मग पारावर बसून ॲसिडपासून उजेडापर्यंतची सगळी कथा गावाला ऐकवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मेघनानं दवाखाना उघडला, तर पायरीपासून रस्त्यापर्यंत बावड्याची माणसं! तिचा ऊर भरून आला. सगळ्यात पुढं साखरबाई नावाच्या आजी होत्या.

"या आजी, बसा. कुठला दात दुखतोय?"

"दात? त्ये कवाच गेलं गं बाई." आजींनी पिशवीतून कान तुटलेला कप काढला. "गेणबा म्हनला, चिनीमाती चिकटवावी तर बारामतीच्या डाक्टरीणबाईनंच."

मेघनानं रांगेकडं बघितलं. ज्याच्या त्याच्या हातात पिशवी होती. तेवढ्यात मागून एकानं आवाज दिला, "डाक्टरीणबाई, लोणच्याची बरनी हाय. खुर्चीवर बशिवली तर चालंल न्हवं?"