सरासरी अंतर चार मीटर

रोगी बरा करण्यापेक्षा रोग्याची माहिती गोळा करणं हे कधीही अधिक टिकाऊ काम आहे. रोगी बरा होतो, गावाला जातो किंवा दगावतो. माहिती मात्र कुठेही जात नाही. हे ज्यांना वेळेवर उमगलं त्यांनी कोलकात्यातल्या एका विद्यापीठात आरोग्य माहितीशास्त्राचा विभाग काढला. ज्यांना उमगलं नाही ते अजून दवाखान्यात बसून नाड्या तपासताहेत.

या विभागात देवयानी संशोधन सहायक म्हणून लागली. नवरा ऋषभ खिदिरपूरला कस्टम्समध्ये, बदलीवर आलेला. बागबाजारात भाड्याचं घर, घरात सासूबाई सुनंदाताई, आणि साताऱ्याहून आणलेली संख्याशास्त्राची पदवी कपाटात. ती पदवी तिने बाहेर काढली. बंगाली ती भाजीवाल्यांकडून शिकली होती, त्यामुळे आजारांची नावं यायच्या आधी तिला वांग्यांच्या जाती येत होत्या.

विभागप्रमुख प्रोफेसर बागची हे अत्यंत सज्जन गृहस्थ. गरिबांना उपचार मिळतात की नाही या प्रश्नाने त्यांची झोप उडाली होती, म्हणून त्यांनी ‘सामुदायिक आरोग्यसेवा सुलभता निर्देशांक’ तयार केला. अभ्यासासाठी बागबाजारजवळची कालव्याकाठची वस्ती निवडली. वस्ती त्यांनी स्वतः पाहिली होती, उपग्रहाच्या चित्रात. (वरून फार स्वच्छ दिसते.)

निर्देशांकाचं सूत्र सोपं होतं. माणूस दवाखान्यापासून किती लांब राहतो ते मोजायचं. जितका जवळ, तितके गुण जास्त. त्यासाठी विभागाने एक ॲप बनवलं. मोबाईलवरून फॉर्म ज्या जागेवरून रवाना होईल, ती जागा म्हणजेच त्या माणसाचं घर, असं ॲपने धरलं होतं. पत्ता विचारत बसायला लागू नये म्हणून ही सोय. (गरीब माणसाला पत्ता विचारला की तो गोष्ट सांगायला लागतो, आणि गोष्टीला फॉर्ममध्ये रकाना नसतो.)

वस्तीसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी फिरत्या दवाखान्याची गाडी मोठ्या रस्त्यावर येऊन उभी राहायची. तिच्यापुढे रांग लागायची. माणसं आयती एका जागी सापडतात, पळूनही जात नाहीत, म्हणून देवयानीने एक्केचाळीस फॉर्म त्या रांगेतच भरून पाठवले. रांगेत मिनोतीमाशी होती. (माशी म्हणजे बंगालीतली मावशी.) माशी कागदी ठोंगे, म्हणजे वाण्याकडच्या कागदी पिशव्या, चिकटवून पोट भरायची. तिला मधुमेह होता आणि डाव्या पायाला जखम. ती जखम गाडीतली नर्स आठवड्यातून दोनदा धुऊन बांधायची, म्हणून पाय अजून जागेवर होता. नाहीतर सरकारी दवाखाना सव्वादोन किलोमीटरवर, आणि माशीची चाल दिवसाला दोनशे पावलांची.

पंधरा दिवसांनी निकाल आला. कालव्याकाठच्या माणसाचं उपचारांपासून सरासरी अंतर: चार मीटर. रांगेतला शेवटचा म्हातारा नऊ मीटरवर निघाला, त्याला ‘दुर्गम’ गटात घालण्यात आलं. बागचींना भरून आलं. शिफारस तयार झाली: ‘इतक्या सुलभ वस्तीला फिरत्या गाडीची गरज नाही.’

देवयानी शिफारशीचा कागद घेऊन बागचींकडे गेली. ती म्हणाली, “सर, ते चार मीटर गाडीपासूनचे आहेत. गाडी काढली तर चार मीटर राहणार नाहीत.”

बागचींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, “फार सुंदर निरीक्षण आहे. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या परिच्छेदात घालू.”

पण माणूस सज्जन होता. तिचा चेहरा पाहून त्यांनी फेरपाहणीला एक आठवडा दिला.

घरी तिने हे सांगितलं, तेव्हा सुनंदाताई शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “अगं, पण माणसं रांगेत उभी राहतात ती लांबून येतात म्हणूनच ना? दारात डॉक्टर असता तर रांगेत कशाला आली असती?”

“ते ॲपला कळत नाही, आई.”

“मग ॲपला घरोघर घेऊन जा. एकदा फिरू दे त्यालाही उन्हातून.”

एवढी साधी गोष्ट विभागातल्या सहा डॉक्टरेट मिळवलेल्या माणसांना सुचली नव्हती. (सुनंदाताई मॅट्रिक आहेत. याची नोंद शोधनिबंधात करता आली नाही.) देवयानी पाच दिवस गल्ल्यांतून हिंडली. एक्केचाळीसही घरांच्या उंबऱ्यावर बसून तिने फॉर्म भरले. गल्ल्यांत नेटवर्क नव्हतं, त्यामुळे फॉर्म काही रवाना होईनात. पण ॲपने दिलासा दिला: ‘काळजी नसावी. माहिती सुरक्षित आहे. नेटवर्क मिळताच पाठवली जाईल.’ ही ओळ वाचून देवयानी निर्धास्त झाली. तिची चूक झाली ती एवढीच. ती ओळ खरी होती, आणि खऱ्या ओळीवर कोणी शंका घेत नाही.

शेवटचं घर माशीचं. फॉर्म भरता भरता, ‘सध्या तब्येत कशी आहे? एक ते पाच यांपैकी निवडा’ या प्रश्नावर माशी बसल्या जागी कलंडली. अंगाला घाम फुटलेला, डोळे फिरलेले. देवयानीने मोबाईल पर्समध्ये कोंबला, शेजारणीच्या मदतीने माशीला मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं, पिवळी टॅक्सी धरली आणि बायपासवरचं एक बडं हॉस्पिटल गाठलं. सहाशे खाटा, बारा लिफ्ट, तळमजल्यावर कॉफीचं दुकान. माशीची साखर एकदम उतरली होती. आपत्कालीन विभागातल्या तरुण डॉक्टरणीने धावत येऊन सलाईन लावलं. अर्ध्या तासात माशीने डोळे उघडले आणि देवयानीच्या जिवात जीव आला.

नेमका त्याच वेळी पर्समध्ये टुंग असा आवाज झाला. मग पुन्हा टुंग. असे एक्केचाळीस, माशीचा अर्धवट फॉर्मही धरून.

“के डाकछे?” माशीने क्षीण आवाजात विचारलं. कोण बोलावतंय?

देवयानीने मोबाईल पाहिला आणि कपाळाला हात लावला. हॉस्पिटलात नेटवर्क उत्तम होतं. आख्खी वस्ती आपत्कालीन विभागात राहायला आली होती.

दुसऱ्या निकालात कालव्याकाठच्या वस्तीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले. (दोन गुण खाटेपासून डॉक्टरणीच्या टेबलापर्यंतच्या अंतराचे गेले.) एव्हाना ॲप शहरातल्या इतर वस्त्यांतही पोचलं होतं; त्या सगळ्यांत तिचा पहिला नंबर आला. शेवटचा नंबर न्यू टाऊनमधल्या एका उंच इमारतींच्या सोसायटीचा. तिथल्या रहिवाशांनी विसाव्या मजल्यावरच्या आपापल्या बाल्कनीत बसून फॉर्म पाठवले होते, आणि तिथून जवळचं हॉस्पिटल साडेतीन किलोमीटर निघालं. त्यांच्याकडे घरटी दोन गाड्या होत्या, पण गाड्यांना निर्देशांकात जागा नव्हती. फिरता दवाखाना तिकडे हलवण्यात आला. सकाळच्या चालण्याहून परतताना रहिवासी आता त्यात रक्तदाब मोजून घेतात, आणि तो ठीक निघाला की एकमेकांचं अभिनंदन करतात.

देवयानीने सगळा प्रकार लेखी कळवला. बागचींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि खरोखर कळवळून म्हणाले, “ही चूक दुरुस्त झालीच पाहिजे. ॲपमध्ये त्याची सोय आहे.” सोय होती. ‘माहितीत चूक आढळल्यास संबंधित रुग्णाने जवळच्या फिरत्या दवाखान्यात समक्ष हजर राहावे.’ जवळचा फिरता दवाखाना आता न्यू टाऊनला होता.

पुढच्या महिन्यात विभागाच्या समारंभात देवयानीला ‘सर्वोत्कृष्ट क्षेत्रकार्य’ म्हणून शाल मिळाली. माईकवर तिने सांगून टाकलं की हे सगळे आकडे खोटे आहेत, ती माणसं हॉस्पिटलात राहत नाहीत, चिखलात राहतात. टाळ्या झाल्या. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘सत्कारमूर्तींनी नम्रपणे श्रेय नाकारले.’

आता मंगळवारी आणि शुक्रवारी देवयानी पट्ट्या आणि मलम घेऊन कालव्याकाठी जाते. गाडीतल्या नर्सने तिला फोनवर शिकवलं, पण तिचा हात अजून बसलेला नाही. पट्टी सैल होते आणि जखम वाढते आहे. ती रडवेली होते, आणि माशीच तिची समजूत घालते. गेल्या शुक्रवारी माशीने, बंगालीत लेकीला लाडाने म्हणतात तसं ‘मा’ म्हणत, विचारलं, “तुमच्या कागदात मी कुठे राहते ग, मा?”

“मोठ्या हॉस्पिटलात, माशी.”

“मग तिथे माझा पाय कोण बांधतं?”

देवयानी या प्रश्नाचा रकाना अजून शोधते आहे.

वाचकांना माशीबद्दल वाईट वाटलं असेल. ते योग्यच आहे, पण वाईट वाटताना हाताशी मोबाईल असेल, त्याकडेही एकदा पाहावं. त्यावरच्या कुठल्यातरी ॲपमध्ये ‘वाचलं, समजलं, मान्य आहे’ असं बटण होतं. तसंच बटण माशीने देवयानीच्या मोबाईलवर दाबलं, कारण तिला वाचता येत नव्हतं; तुम्हीही दाबलंत, वाचता येत असून. तुम्ही तेव्हा कुठे होतात, कॉफीच्या दुकानात, लग्नाच्या हॉलवर की विमानतळावर, ते तुम्हाला आठवणार नाही. ॲपला आठवतं. तेव्हा आजारी पडायच्या आधी एकदा चौकशी करून ठेवा, तुम्ही हल्ली कुठे राहता.