हिलाल अप्पांची फोडणी

दुसऱ्या राज्यात भाड्याचं घर बघायला माणूस गेला, तर तो आधी नळ सोडून बघतो, संडास बघतो, खिडकी कुठे उघडते ते बघतो. आमचे हिलाल अप्पा यातलं काहीही बघत नाहीत. ते खांद्यावरची पिशवी खाली ठेवतात, तिच्यातून कॉईलची इलेक्ट्रिक शेगडी काढतात, भिंतीवरच्या सॉकेटात वायर खुपसतात, छोट्या कढईत तेल तापवतात आणि त्यात मूठभर नंदुरबारच्या सुक्या लाल मिरच्या टाकतात. मग दार सताड उघडून बाहेर जिन्यात कान देऊन उभे राहतात.

घरमालकाला आधी वाटतं, म्हातारा जेवायला बसणार. नंतर तो खोकायला लागतो. त्यानंतर काय होतं, ते घरमालकाच्या स्वभावावर अवलंबून असतं. अंकलेश्वरला एकाने अप्पांची शेगडी जिन्यावरून खाली फेकली होती. अप्पांनी ती उचलली, चेपलेली कड दगडाने ठोकून सरळ केली आणि म्हणाले, "हाई घर नको. मालकच तेवढा बोलना, शेजारना कोनी दारबी उघाडं नही."

अप्पा शहाद्याजवळच्या लोणखेड्यात माझ्या समोरच राहतात. साखर कारखान्यात ऊस मोजायच्या वजनकाट्यावर नोकरी केली, निवृत्त झाले. बायको गेली, मूलबाळ नाही. आमच्या भागातली माणसं कामासाठी गुजरातकडे जात असतात. सुरत, वापी, बडोदा. कुणी जायचं म्हटलं की ते अप्पांना विचारतात. न विचारणाऱ्यांना अप्पा स्वतः जाऊन विचारतात. त्यांचं ठरलेलं वाक्य एकच : "तपास करना पडी."

त्यांचा तपास वहीत नसतो, मोबाईलवर तर नसतोच. गावात महागाई किती, हे ते भाजीवालीकडे बघतात. भाजीवर कोथिंबीर फुकट पडली, तर गाव परवडेल. मागून मिळाली, तर काटकसरीने परवडेल. तिचे पैसे मागितले, तर "आल्या पावली परत." गावात काम किती, हे ते न्हाव्याच्या दुकानात ठरवतात. कामाच्या वेळेला तरणी माणसं दाढी करत बसली असतील, तर तिथे नोकरी नाही. या पद्धतीने त्यांनी गल्लीतल्या एकाला इंदूरला जाऊ नको असं बजावलं होतं, कारण तिथल्या न्हाव्याकडे पोरांची रांग होती. त्या दिवशी तिथे कसलीशी सुट्टी होती, हे नंतर कळलं. तो गडी गेला आणि चांगला रुळला. अप्पा अजून चूक मानत नाहीत. "पन सुट्टी कसानी व्हती, तेना तपास करना पडी," असं म्हणतात.

मी हसायचो. गल्लीतले सगळेच हसायचे. पण मी जरा जास्त हसायचो, कारण मी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये हिशेब लिहिणारा माणूस. कोथिंबिरीवरून शहर मोजणं मला पोरकट वाटायचं.

मग आमची जिनिंग बंद होणार असं मालकाने सांगितलं. माझ्या वयात शहाद्यात दुसरी नोकरी कोण देणार? मावसभावाने सुरतच्या कापड बाजारात एका गोदामावर जागा बघितली. पगार बरा, पण सकाळी निघायचं ते रात्रीच यायचं. मी बसून सगळं मांडलं. इथलं घर स्वतःचं, तिथे भाडं. इथे दूध गोठ्यावरून, तिथे पिशवीचं. तिथे पगार जास्त, खर्चही जास्त, तरी महिन्याकाठी थोडं उरत होतं. मांडणी बिनचूक होती.

एक गोष्ट मी मांडली नव्हती. माझ्या बायकोला, मंगलाला, मधुमेह आहे. कधीकधी तिची साखर एकदम उतरते, घाम फुटतो, बोलता बोलता ती खाली बसते. अशा वेळी कुणी गूळ-पाणी दिलं नाही, तर काय होईल, हे मला ठाऊक आहे. सुरतला दिवसभर ती एकटी असणार होती. ही गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. ती मांडली की उत्तर बदलेल, या भीतीने मी ती बाजूला ठेवली होती. मंगलानेही तो विषय काढला नाही. म्हणून मला जास्त अपराधी वाटत होतं.

घर बघायला मी एकटाच जाणार होतो. नंदुरबार स्टेशनवर बघतो तर अप्पा आधीच हजर, खांद्याला पिशवी.

"अप्पा, तुमी कसाले?"

"तू हिशेबवाला मानूस. तुले घरमधलं काय समजस?"

सुरतला उधन्याच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या होत्या. मालक सभ्य होता, भाडं माझ्या हिशेबात बसत होतं. मी हो म्हणणार, तेवढ्यात चर्र झालं. अप्पांनी फोडणी टाकली होती. मालक रुमाल तोंडाला लावून अंगणात पळाला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून खोकल्याचा आवाज आला, भांडं आपटलं आणि एक ठसठशीत बाई हातात उलथनं घेऊन जिना उतरत आली.

"कोन शे रे तो? मिरच्या जाळी ऱ्हायना का लोकेसना जीव ली ऱ्हायना? डोया जळी ग्यात मन्हा!"

अप्पांचा चेहरा असा उजळला, की बाईने त्यांना शिव्या दिल्यात की आशीर्वाद, ते मला कळेना.

"ताई, तुमी कोठल्या?"

"शिरपूरकडनी! तुमले काय करनं? आधी ती शेगडी बंद करा!"

अप्पांनी शेगडी बंद केली आणि हात जोडले. "ताई, हाऊ आठे ऱ्हावाले येवाव शे. दिवसभर कामवर जाई. याना बायकोनी साखर एकदम उतरस. तुमी दुपारले तिले एक हाक मारश्यात का?"

मी मान खाली घातली. जे मी घरात उच्चारलं नव्हतं, ते अप्पांनी परक्या जिन्यात सरळ बोलून टाकलं होतं.

बाईचं उलथनं खाली आलं. "एक हाक? मी तं दिवसभर हाकाच मारस. मन्हा नवरा म्हनस, तुन्हा आवाज स्टेशनलगून जास." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साखर उतरनी का काय देतस तिले? गूळ का साखर?"

"घर ली ले," अप्पा मला म्हणाले.

परतीच्या गाडीत नवापूर मागे पडेपर्यंत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. मीच विचारलं, की ही फोडणीची रीत त्यांना कुणी शिकवली.

"कोनी नही," ते म्हणाले.

लग्न झाल्यावर ते वापीला एका कंपनीत लागले होते. पगार चांगला, खोली स्वस्त. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दिवस गेले होते. एकदा ते कामाच्या पाळीवर असताना काकू घरात पडल्या. पाळी संपवून अप्पा आले, तेव्हा त्या तिथेच पडलेल्या होत्या. काकू वाचल्या. पोटातलं वाचलं नाही.

"दार उघाडंच व्हतं, भास्कर. लोके जिना चढनात, उतरनात. कोनी घरमा देखं नही."

मग अप्पा माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी घेऊन खायला लागले.

घरी पोचलो तेव्हा मंगला भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "घर कसं शे?"

"वरनी बाई मोठी भांडखोर शे."

"मंग?"

"मंग ली लिधं घर."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला सगळं सांगितलं, वापीचंही. सुरतला एकटी कशी राहशील, हे मी आधी विचारायला हवं होतं, हेही सांगितलं. तिचा भाजी निवडणारा हात थांबला. तिने समोर अप्पांच्या घराकडे बघितलं.

"आनि अप्पाले दुपारले हाक कोन मारी?"

मी तसाच उठून समोर गेलो. अप्पा ओट्यावर खाट टाकून बसले होते. पिशवी अजून पायाशी तशीच होती. काय बोलायचं, ते ठरवलं नव्हतं. मला येतं तेच बोललो.

"अप्पा, भाडं दोन मानसेसले काय नि तीन मानसेसले काय, सारखंच शे."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तीन?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. एरवी "तपास करना पडी" म्हणणारा तो माणूस पुढे एकही प्रश्न विचारेना. खाटेच्या एका कडेला सरकला, आणि हाताने गोधडी सारखी करून त्याने मला बसायला जागा दिली.